झेडचा आकडा पुरत नाही

एसएपी ईसीसीची नेहमीची देखभाल 2027 अखेर संपते. जादा पैसे मोजणाऱ्यांना 2030 अखेरपर्यंत सवलत आहे. त्यामुळे एस/4 हानाकडे निघालेल्या कंपन्यांत पहिल्याच बैठकीत विचारलं जातं, "आपले झेड किती?" झेड म्हणजे कंपनीने स्वतःसाठी लिहून घेतलेले, झेडने सुरू होणाऱ्या नावाचे प्रोग्राम. सल्लागार दोन दिवसांत आकडा आणून देतो. त्या आकड्यावर आमचा फारसा विश्वास नाही.

झेड निदान नावावरून ओळखू येतं. स्टँडर्ड कोडमध्ये केलेला फेरफार तसा दिसत नाही. त्यासाठी असे फेरफार दाखवणारं एसई95 उघडावं लागतं. अपग्रेड सुरू झाल्यावर एसपीडीडी आणि एसपीएयूमध्ये तो समोर येतोच, पण तोवर घाई सुरू झालेली असते. मग तो ठेवायचा की काढायचा, हे त्यामागचं कारण माहीत नसलेल्या माणसाला ठरवावं लागतं.

वर्कफ्लोची तऱ्हा आणखी निराळी. खरेदी ऑर्डरच्या मंजुरीचा डब्ल्यूएस20000075 आहे तसा सहसा कुणी वापरत नाही. त्याची कॉपी काढतात, आणि कॉपीचा क्रमांक 9 ने सुरू होतो. झेड शोधणाऱ्याच्या जाळ्यात ती सापडणार कशी? मंजुरी कुणाकडे जावी हे ठरवणाऱ्या रूलमागे एखादं फंक्शन मॉड्यूल असतं, आणि त्यात कुणा खरेदी व्यवस्थापकाचा यूजर आयडी सरळ कोडमध्ये लिहिलेला असतो. साहेब निवृत्त होतात; आयडी मात्र चालू ठेवावा लागतो, कारण तो बंद केला की ऑर्डरी अडकतात. झेडच्या यादीत हे कुठेच येत नाही. खरेदी विभागात जाऊन विचारलं तर लगेच कळतं.

चुकीच्या कोडपेक्षा गुपचूप चुकणारा कोड जास्त घातक. ईसीसीत किमतीच्या कंडिशन्स कोनव्ह टेबलात असत. एस/4 मध्ये त्या पीआरसीडी_एलिमेंट्समध्ये गेल्या. जुना रिपोर्ट थेट कोनव्ह वाचत असेल तर तो कोसळत नाही, नव्या बिलांच्या कंडिशन्स त्याला सापडत नाहीत, इतकंच. कोड तपासणारं एटीसी अशा जागा दाखवतं. मटेरियल क्रमांक 18 वरून 40 अक्षरांचा झाला, त्याच्या खुणाही दाखवतं. मात्र तो रिपोर्ट कुणी वापरतं का, हे एटीसीला ठाऊक नसतं.

त्यासाठी प्रॉडक्शनवर कोडच्या वापराची नोंद घेणारं एससीमॉन चालू करा आणि त्याच्या नोंदी एसयूएसजीत साठवत राहा. तीन महिन्यांच्या नोंदीवर कोड काढून टाकू नका. मार्चअखेरचे प्रोग्राम, वार्षिक साठामोजणी, जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र हे सगळं वर्षातून एकदाच डोकं वर काढतं. पूर्ण आर्थिक वर्ष नोंदवायला हवं, म्हणजेच सुरुवात आज करायला हवी.

काढण्यासारखंही पुष्कळ आहे. जीएसटी 1 जुलै 2017 रोजी आला, तरी त्याआधीचे अबकारी आणि व्हॅटचे रिपोर्ट कित्येक सिस्टीममध्ये अजून पडून आहेत. इंधन, मद्य, तंबाखूवाले सोडले तर बाकीच्यांना त्यांचा काय उपयोग? जुन्या वर्षांची कर-प्रकरणं चालू असतील तर आकडे काढून जपा, प्रोग्राम नव्हे.

आणि यादीत एक रकाना वाढवा: हे कुणी मागितलं होतं? खातेप्रमुख टाळाटाळ करतील. ज्या प्रोग्रामपुढे नाव येणार नाही तो चाचणी सिस्टीमवर बंद करा आणि एक महिनाअखेर तिथेच चालवून बघा. कुणाचा फोन आलाच, तर रकान्यात त्याचंच नाव लिहा.