सुट्टीवरच्या माणसाचं घर



कुठल्याही पोस्टवर जा. संध्याकाळचा रोल कॉल आटोपला आणि नेटवर्क आलं की चार-पाच जण मोबाईलवर बोटं फिरवत बसलेले दिसतात. त्यातल्या एकाच्या तरी स्क्रीनवर घराचा प्लॅन असतोच. 30 बाय 40, पूर्वमुखी, वर-खाली दोन मजले. मी गावी घराचं काम काढल्यापासून ही पोरं माझ्याकडे येतात. "उस्ताद, जरा बघा ना, कसा वाटतोय?"

मी इंजिनिअर नाही. पण माझा पहिला प्लॅन चुकला, आणि कशामुळे चुकला ते मला आता कळलंय. म्हणून आज स्पष्ट लिहितो. आपण फौजी लोक घर बांधतो ते सुट्टीवर आलेल्या माणसासाठी. त्या घरात राहणाऱ्या माणसांसाठी नाही.

हिशोब करा. वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि 30 दिवस कॅज्युअल. सगळी मिळाली तरी 90 दिवस, त्यातलेही काही रेल्वेतच जातात. उरलेले 275 दिवस त्या घरात बायको, आई-वडील आणि पोरं राहणार. पण प्लॅनमध्ये सगळ्यात मोठा काय असतो? हॉल. कारण आपण सुट्टीवर गेलो की पाहुणे येतात, मित्र येतात, आणि आपल्याला ते घर दाखवायचं असतं. बायको दिवसातले पाच-सहा तास जिथे उभी असते, ते स्वयंपाकघर सगळं काढून झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात बसवलेलं असतं.

माझंही तेच झालं. आमचं गाव पाटण तालुक्यात. पोस्टवर बसून मी महिनाभर प्लॅन शोधले आणि एक पसंत केला. खाली 18 बाय 14 चा हॉल, 8 बाय 7 चं स्वयंपाकघर, जिन्याखाली एक छोटा संडास. झोपायच्या खोल्या सगळ्या वर, पुढे बाल्कनी. मोठ्या हौसेनं तो घरी पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग फोनवर बायकोनं एवढंच विचारलं, "अहो, आत्या रात्री कुठं जाणार?"

माझ्या आईचे गुडघे गेलेत. रात्री तिला दोन-तीनदा उठावं लागतं. माझ्या प्लॅनमध्ये तिची झोपायची जागा वर होती आणि तिला जमेल असा संडास खाली. मी महिनाभर तो कागद बघत होतो, पण त्यात आई मला एकदाही दिसली नव्हती.

पुढच्या सुट्टीत बायकोनं एक काम केलं. मैदानावर रेघा मारायला वापरतात ती फक्की आणली आणि जागेवर पूर्ण मापात प्लॅन आखला. भिंती, दारं, ओटा, जिना, सगळं. मग घरातली कॉट, कपाट, फ्रिज यांची मापं घेऊन तेही आखलं. मला लाज वाटली. हल्ल्याआधी आपण सँड मॉडेल करतो, शक्य असेल तिथे प्रत्यक्ष जमीन पाहून येतो, रंगीत तालीम करतो. आणि आयुष्यात एकदाच होणाऱ्या, पेन्शनीपर्यंत हप्ते फेडायच्या कामासाठी मी मोबाईलवरचं चित्र बघून 'ओके' म्हणालो होतो.

फक्कीच्या रेघांतून चालल्यावर जे दिसलं ते कागदावर कधीच दिसलं नसतं. 10 बाय 10 ची खोली छान वाटते. त्यात 6 फूट रुंद कॉट आणि समोरच्या भिंतीला 2 फूट खोल कपाट ठेवलं की मध्ये 2 फूट उरतात. कपाटाचं दार उघडलं की माणूस अडकला. फ्रिज उघडला की ओट्याकडे जायची वाट बंद. तांदळाची पोती कुठे ठेवायची, भांडी घासायची मोरी कुठे, पावसाळ्यातले चार महिने कपडे कुठे वाळत घालायचे, यातल्या एकाही प्रश्नाला माझ्या प्लॅनमध्ये उत्तर नव्हतं. जिन्याला 12 पायऱ्या काढल्या होत्या. 10 फूट चढायला 12 पायऱ्या, म्हणजे एक पायरी 10 इंच उंच. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच धरली आहे. त्या हिशोबानं 16 पायऱ्या लागतात, आणि तेवढ्या पायऱ्यांना जागाही तेवढी जास्त लागते. ती जागा त्या चित्रात नव्हतीच.

नोकरीत देश बघायला मिळाला, त्यात घरंही बघितली. लडाखमध्ये जुन्या घरात गेलात तर स्वयंपाकघर हीच घरातली मुख्य खोली असते. चूल तिथे, बसणं तिथे, पाहुणाही तिथेच. थंडीत जिथे ऊब, तिथे घर. काश्मीरमध्ये हमाम म्हणून एक खोली असते, जिची दगडी फरशी खालून तापवतात आणि हिवाळ्यात सगळं घर तिथे येऊन बसतं. राजस्थानात जैसलमेरकडे जाड दगडी भिंती, लहान खिडक्या आणि आत चौक. आसाममध्ये 1897 च्या मोठ्या भूकंपानंतर दगडविटांच्या जड बांधकामाऐवजी लाकडी सांगाडा, बोरूच्या भिंतींवर गिलावा आणि वर पत्रा अशी हलकी घरं रूढ झाली. यातलं कुठलंही घर उचलून सातारा जिल्ह्यात आणायचं नाही. लडाखचं मातीचं सपाट छप्पर आमच्याकडे एक पावसाळाही काढणार नाही. पण या सगळ्या घरांत एक गोष्ट सारखी आहे. तिथला ऊन-वारा आणि घरातल्या माणसाचं रोजचं काम बघून ती बांधलेली आहेत. आपल्या मोबाईलवरचा प्लॅन मात्र कुठल्याच गावचा नसतो. त्याला पश्चिमेचं ऊन माहीत नाही आणि आमचा नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊसही माहीत नाही.

आमच्याकडे भूकंप ही ऐकीव गोष्ट नाही. 11 डिसेंबर 1967 ची कोयनेची पहाट माझ्या वडिलांच्या पिढीला अजून आठवते. तरीही गावात बघा, खालचा मजला गाडीसाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडायचा आणि वर भिंतींचं ओझं चढवायचं, ही फॅशन आली आहे. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादमध्ये अशाच खाली मोकळ्या ठेवलेल्या इमारती बसल्या. म्हणून खोल्यांची मांडणी बायको-आईनं ठरवावी, पण खांब, बीम, पाया यांचं ड्रॉइंग पैसे देऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यावं. गवंड्याच्या "होतंय की साहेब" वर सोडू नये.

आता दुसरी बाजू. माझे मित्र म्हणतात, "अरे, वीस वर्षं बरॅकमध्ये लोखंडी पेटी आणि कॉट एवढ्यावर काढली. एक मोठा हॉल आणि बाल्कनी मागितली तर काय बिघडलं?" हे मला पटतं. रस्त्यावरून जाताना लोकांनी म्हणावं, हे फौजीचं घर, असं मलाही वाटतं. त्यात लाज नाही. माझं म्हणणं फक्त क्रमाचं आहे. आधी खालच्या मजल्यावर एक झोपायची खोली, तिला लागून संडास-बाथरूम. मग हवेशीर, उजेडाचं स्वयंपाकघर. मग पावसात कपडे वाळवता येतील अशी झाकलेली पडवी. हे झालं की उरलेल्या जागेत आणि पैशात हॉल कितीही मोठा करा. वरचा मजला मुलाच्या लग्नापर्यंत थांबू शकतो. पाया आणि खांब दोन मजल्यांच्या हिशोबानं घाला आणि जिन्याची जागा आजच ठरवून ठेवा.

खालच्या खोलीचा आग्रह मी केवळ आईमुळे धरत नाही. माझ्या एका जुन्या साथीदारानं आमच्या सगळ्यांच्या आधी घर बांधलं. दोन मजली, देखणं. आम्ही वास्तुशांतीला जेवून आलो. पुढच्याच वर्षी सुट्टीवर असताना मोटारसायकलचा अपघात झाला आणि कमरेखालचं शरीर गेलं. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमध्ये त्याला भेटायला गेलो, तेव्हा तो स्वतःची खुर्ची स्वतः फिरवत सगळीकडे हिंडत होता. तिथे दारं रुंद आहेत, चढ आहेत, कुणाला हाक मारावी लागत नाही. मग तो घरी गेला. घराला पुढे चार पायऱ्या, बाथरूमचं दार सव्वादोन फुटांचं, झोपायची खोली वर. मला म्हणाला, "पाहुणा असल्यासारखं वाटतं रे. हॉलमध्येच असतो." ज्या हॉलसाठी त्यानं सगळ्यात जास्त पैसे घातले, त्यात आता त्याची कॉट आहे. शेवटी दार तोडून रुंद केलं, बाहेर चढ बांधला. आधी केलं असतं तर खर्च जवळपास काहीच नव्हता.

देव करो आणि अशी वेळ कुणावर न येवो. पण म्हातारपण सगळ्यांवर येणार. आपण चाळिशीच्या आसपास पेन्शनवर येतो. म्हणजे त्या घरात आपल्याला पुढची तीस-चाळीस वर्षं काढायची आहेत, आणि गुडघे तर डोंगर चढून आधीच झिजवून आणलेले असतात. खालच्या खोलीचं आणि बाथरूमचं दार तीन फुटांचं ठेवा. उंबरा पुढच्या दाराला असू द्या, तो आपला रिवाज आहे. आतल्या दारांना नको. बाहेर चढासाठी जागा सोडा. एक फूट उंचीला 12 फूट लांबी लागते, म्हणून जोतं किती उंच घ्यायचं हे ठरवतानाच तो विचार करा.

आमच्या घराचं जोतं झालं आहे. हॉल 14 बाय 12 वर आला, स्वयंपाकघर 11 बाय 10 चं झालं, बाल्कनी गेली. आईची खोली पूर्वेला आहे आणि तिथून संडास पाच पावलांवर. फक्कीच्या रेघांत तिनं स्वतः चालून ती पावलं मोजली. म्हणाली, "आता रातच्याला कुनाला उठवाय नको."

हल्ली कुणी प्लॅन दाखवायला आला की मी आधी कागद बघत नाही. एकच विचारतो, "वहिनींनी पाहिला का? आईला दाखवलास का?" बहुतेक वेळा पोरगं मोबाईल खिशात घालतं आणि म्हणतं, "उद्या दाखवतो उस्ताद, आज घरी फोन करतो."

जय हिंद.