श्वासाचीं गाणीं

गाण्यांत शब्द श्रेष्ठ कीं चाल श्रेष्ठ, हा वाद आपल्या घरांतून जेवणाच्या पंगतीवर वारंवार रंगतो. वडील मंडळी म्हणतात, हल्लींच्या गाण्यांना अर्थच नसतो. मुलें म्हणतात, अर्थ पाहतो कोण, चाल ऐका! ह्या वादावर प्रकाश पाडणारीं एका अमेरिकन वाद्यवृंदाचीं मला आवडलेलीं कांहीं गाणीं ह्या मासीं वाचकांपुढें ठेवितों.

ह्या मंडळीचें नांव 'ब्लूज ट्रॅव्हलर'. न्यू जर्सी राज्यांतील प्रिन्स्टन गांवच्या शाळासोबत्यांनीं ती १९८७ सालीं स्थापन केली. रॉक संगीतांत पुढारपण बहुधा गिटारकडे असतें. येथें तें गायक जॉन पॉपर ह्याच्या हार्मोनिकाकडे, म्हणजे आपल्या माउथ-ऑर्गनकडे आहे. हें वाद्य आपल्या पेटीचें धाकटें भावंड होय. दोहोंतही वाऱ्यानें पितळेचीं पातीं कंप पावतात. पेटीस भाता लागतो, ह्यास वादकाचा श्वास पुरतो. दहा छिद्रें, आणि प्रत्येकांत दोन सूर: एक फुंकरीचा, एक ओढलेल्या श्वासाचा. शिवाय जीभ व तोंडाची पोकळी बदलून वादक सूर वांकवितो. जी मींड पेटीला साधत नाहीं, ती ह्या वीतभराच्या वाद्यास साधते.

'रन-अराउंड' हें त्यांचें सर्वांत गाजलेलें गाणें १९९४ च्या 'फोर' ह्या संग्रहांतील असून त्यास १९९६ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. शीर्षकाचा अर्थ 'टोलवाटोलवी'. प्रियेकडून सरळ उत्तर न मिळालेल्या माणसाची ही तक्रार आहे. स्वरसंगतीचा तोच एक क्रम सबंध गाण्यांत फिरत राहतो, आणि त्या फेऱ्यांत अडकलेला नायक आपोआप डोळ्यांपुढें उभा राहतो.

त्याच संग्रहांतील 'हुक' हें खरें परीक्षा पाहणारें गाणें. हुक म्हणजे गळ. गीतकारांच्या परिभाषेंत, कानांत रुतून बसणारा चालीचा तुकडा. शब्द कसलेही असोत, गळ पक्का असला कीं श्रोता परत येतोच, असें गायक त्यांत उघड सांगतो! त्यासाठीं त्यानें पाखेलबेल ह्या सतराव्या शतकांतील जर्मन संगीतकाराच्या 'कॅनन' रचनेच्या धर्तीची, पुष्कळांच्या कानीं बसलेली स्वरसंगति योजिली आहे. श्रोते ती चाल आनंदानें गुणगुणले, आणि आपलीच थट्टा चालली आहे हें पुष्कळांच्या ध्यानींही आलें नाहीं. आनंदवर्धनानें वाच्यार्थ व व्यंग्यार्थ असा जो भेद सांगितला, त्याचें ह्याहून सुबोध उदाहरण मला आधुनिक गीतांत क्वचितच आढळलें आहे. वाच्यार्थ असा कीं अर्थाला किंमत नाहीं. व्यंग्यार्थ असा कीं ज्याला कांहीं सांगावयाचें आहे आणि ज्याचें कोणी ऐकत नाहीं, त्याचें हें दुःख आहे.

तिसरें गाणें 'द माउंटन्स विन अगेन', म्हणजे 'पुन्हा डोंगरांचाच जय'. हें बॉबी शीहन ह्या बेस-गिटार वाजविणाऱ्या सोबत्यानें लिहिलें. १९९९ च्या ऑगस्टांत, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं तो वारला. पुढें गिटारवादक चॅन किंचला ह्याचा भाऊ टॅड त्याच्या जागीं आला, आणि २००१ च्या 'ब्रिज' ह्या संग्रहांत मित्रांनीं शीहनच्या स्मरणार्थ 'प्रिटी अँग्री' हें गाणें घातलें. शीर्षकांत शोकाऐवजीं राग आहे. ज्यानें अकालीं गेलेल्या जिवलगावर मनांतल्या मनांत राग धरिला असेल, त्यास हा करुणरसच आहे हें सांगावें लागणार नाहीं. हें जाणून 'माउंटन्स' पुन्हा ऐकावें. एक अक्षर बदललेलें नाहीं, सूरही तेच. तरी गाणें पूर्वीचें राहत नाहीं.

तेव्हां अर्थ गीतांत जितका असतो तितकाच तो ऐकणाऱ्याच्या अंतःकरणांत असतो. म्हणूनच आपल्या शास्त्रकारांनीं श्रोत्याला 'सहृदय' हें नांव दिलें. घरांतील मुलें असलें कांहीं ऐकत असतील तर वडिलांनीं 'कसला हा गोंगाट' म्हणून उठून जाऊं नये. शब्द काय आहेत तें मुलांना विचारावें. मुलांना सांगतां आलें तर आपल्याला एक नवें गाणें लाभेल. न आलें, तर 'हुक' त्यांच्याचविषयीं लिहिलेलें आहे, एवढें त्यांना हंसत सांगावें.