वगळलं, पण त्या जागी काय ठेवलं?



गेल्या महिन्यात आमच्या नातवाचं उष्टावण झालं. झालं ते तिकडे, तोक्योत. आम्ही आंजर्ल्यात ओटीवर मोबाइल खांबाला टेकवून बघत बसलो होतो. तिथले सकाळचे दहा, आमचे साडेसहा. सुनेने वाटीतलं काहीतरी पांढरं पातळ चमच्याच्या टोकावर घेतलं आणि बाळाच्या ओठाला लावलं. त्याने तोंड वेडंवाकडं केलं, अर्धं बाहेर काढलं, अर्धं गिळलं. सगळे हसले.

मी विचारलं, "अगं, हे काय दिलंस?"

"आई, इथे पहिलं अन्न हेच असतं. एक वाटी तांदळाला दहा वाट्या पाणी. शिजवून, घोटून, गाळणीतून काढायचं. मीठ नाही, साखर नाही. पहिल्या दिवशी फक्त एक चमचा."

मी म्हटलं, "ही तर आपली कोकणातली पेज झाली!"

मुलगा-सून निशी-कासाईला राहतात. तोक्योच्या एडोगावा वॉर्डातला हा भाग भारतीयांची वस्ती म्हणूनच ओळखला जातो. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर आपले मराठी योगेंद्र पुराणिक निवडून आले होते. तूरडाळ, मूगडाळ, तूप सगळं तिथे मिळतं. त्यामुळे अडचण किराणा मालाची नव्हती. अडचण दुसऱ्या आठवड्यात आली.

सुनेने वरच्या अन्नाचं जपानी पुस्तक दाखवलं. त्यात पेजेनंतर भाज्या, आणि भाज्या शिजवायला दाशी. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया. वाळवून लाकडासारख्या कडक केलेल्या माशाचे पापुद्रे आणि कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ, यांचा अर्क उतरलेलं पाणी. मग पांढरा मासा उकडून, कुसकरून. दुकानातल्या बाळाच्या तयार डब्यांत तर नुसत्या भाजीच्या लगद्यातही अनेकदा दाशी असते.

माझ्या तोंडून लगेच निघालं, "दाशी नको हं. मासा तर नकोच."

सून शांतपणे म्हणाली, "नकोच आहे, आई. मीही देणार नाही. पण मग त्या जागी काय देऊ, ते सांगा ना."

आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या न आलेल्या उत्तराबद्दल आहे.

आपल्या घरांत काय खायचं नाही याची यादी पाठ असते. कंदमुळं नाहीत, मध नाही, रात्रीचं नाही. मासळीचं तर नावच नाही. आंजर्ल्यात राहून ही यादी पाळणं मला कधी जड गेलं नाही. खाडीपलीकडे हर्णैला रोज मासळीचा लिलाव होतो. शेजारणी बाळांना माशाचं पातळ कालवण भातात कालवून भरवतात, आणि त्यांची बाळं गुटगुटीत असतात. त्यांचं घर त्यांच्या रीतीने, माझं माझ्या. पण एक गोष्ट मला उशिरा कळली. त्या बाळाला त्या कालवणातून जे मिळतं, ते माझ्या बाळालाही लागतंच. मी मासा वगळला म्हणून बाळाची गरज वगळली जात नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझी मोठी मुलगी १९८७ची. सहाव्या महिन्यात तिला वरणाचं पाणी सुरू केलं. वरचं निवळ पाणी, चिमूटभर हिंग, थेंबभर तूप. सासूबाई तसंच करायच्या, माझी आईही तसंच करायची. दहाव्या महिन्यापर्यंत तेच. मुलगी शांत होती, रडायची नाही, मी खूश होते. एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन साडेसात.

"बाई, काय शिकलात?" त्यांनी विचारलं.

"बी.कॉम."

"मग हिशेब करा. डाळीचं पाणी बाळाला देता आणि डाळ तुम्ही खाता. बाळाच्या खात्यात जमा काय झालं?"

अडतीस-एकोणचाळीस वर्षं झाली, ते वाक्य अजून टोचतं. ती शांत होती कारण तिच्यात रडायचीही ताकद नव्हती. औषधाने आणि घट्ट खाण्याने ती सुधारली, पण मी स्वतःला आजही पूर्ण माफ केलेलं नाही.

आणि ही गोष्ट फक्त माझ्या घरची नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं. त्यात मासे-मांस खाणाऱ्या घरांतलीही मुलं आहेत, म्हणजे दोष शाकाहाराचा नाही. पण आपण यादीतून काही वगळतो, तेव्हा आपली जबाबदारी एका पायरीने जास्त, हे मान्य करायला हवं.

म्हणून मी सुनेला म्हटलं, ते पुस्तक मला नीट समजावून सांग. दोन रविवार आम्ही फोनवर बसलो. मला दोन गोष्टी फार आवडल्या.

पहिली म्हणजे पायऱ्या. दहापट पाण्याची पेज ही फक्त सुरुवात. सातव्या-आठव्या महिन्यात दिवसातून दोनदा, आणि भात पाचपट पाण्याचा, जिभेने टाळूवर दाबता येईल इतपत मऊ. नवव्या महिन्यापासून तीनदा, हिरड्यांनी चिरडता येईल असा. वर्षाच्या पुढे मऊभात आणि मग घरचा भात. म्हणजे पाणी दर एक-दोन महिन्यांनी कमी होत जातं. आपण पेजेपर्यंत बरोबर जातो आणि तिथेच थांबतो. "त्याला पातळच आवडतं" म्हणत वर्षाचं होईपर्यंत पाणीच पाजतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या सरकारी तक्त्यात आहे. सातव्या-आठव्या महिन्यात एका जेवणाला मासा किंवा मांस १० ते १५ ग्रॅम, किंवा टोफू ३० ते ४० ग्रॅम, किंवा अंडं, किंवा दुधाचे पदार्थ ५० ते ७० ग्रॅम. यातलं कोणतंही एक! मी "किंवा" हा शब्द सुनेकडून तीनदा वाचून घेतला. म्हणजे मासा हा त्यांच्याकडेही एक पर्याय आहे, सक्ती नाही. त्या जागी सोयाबीनचा टोफू चालतो, दही चालतं. फक्त ती जागा रिकामी ठेवायची नाही.

मग आम्ही दोघींनी आमचा तक्ता केला. पेज आठवडाभर. मग लाल भोपळा, त्यांचा काबोचा आपल्यापेक्षा गोड असतो. मग दुधी. गाजर, रताळं आणि मुळा पुस्तकात आहेत, ते आम्ही घेतले नाहीत. मग मुगाची डाळ, पाणी नव्हे, डाळच, घोटून घट्ट. मग टोफू उकळत्या पाण्यातून काढून कुसकरलेला. पुढे दही, घरचं पनीर. डाळीवर लिंबाचे दोन थेंब, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वाने डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. भातात तूप. नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि तोही एक चमचा, म्हणजे काही त्रास झाला तर कशाने झाला ते कळतं.

दाशीऐवजी भोपळा-दुधी शिजवलेलं पाणी. कोणी म्हणेल, नुसत्या कोम्बूची दाशी तर शाकाहारी आहे. पण शेवाळ आपल्याकडे अनंतकायात धरतात. शिवाय कोम्बूत आयोडीन इतकं असतं की जास्त झालं तर बाळाच्या थायरॉइडला बाधू शकतं.

एक-दोन ठिकाणी तर त्यांचा नियम आणि आपला नियम आपोआप जुळले. नवा पदार्थ सकाळी द्या असं तिथे सांगतात, कारण पुरळ-उलटी झाली तर दवाखाना उघडा असतो. आपल्याकडे सूर्यास्तानंतर अन्न नाही. आणि मध. आपल्याकडे जीवदयेसाठी वर्ज्य. जपानमध्ये मधाच्या बाटलीवर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये असं लिहिलेलं असतं. तरीही २०१७ मध्ये तोक्योत सहा महिन्यांचं एक बाळ रसात कालवलेल्या मधामुळे बोट्युलिझम होऊन दगावलं. आपल्याकडे जन्मतःच बाळाच्या जिभेवर मध लावायची पद्धत अनेक घरांत आहे. ती बंद करा, धर्म कोणताही असो.

शाकाहारी घरांसाठी आणखी दोन गोष्टी. आईचं बी-१२ तपासून घ्या. आईतच कमी असेल तर तिच्या दुधातून बाळाला कुठून मिळणार? आणि सहा महिन्यांनंतर लोहाचं औषध लागेल का, ते डॉक्टरांना विचारा. आपल्या ॲनिमिया मुक्त भारत योजनेत सहा महिन्यांपुढच्या बाळांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप आहेच. ते "उष्ण पडतं" म्हणून कपाटात ठेवू नका.

एका बाबतीत मी गप्प बसले. सून आठवड्याची पेज एकदम करून बर्फाच्या साच्यात गोठवते. मला शिळं चालत नाही. पण तिला कामावर परत जायचंय, आणि रोज पहाटे घोटत बसायला मी तिथे नाही. जिथे मदत करू शकत नाही, तिथे नियमाची आठवण करून देण्यात अर्थ नाही.

आपल्या आदिपुराणात त्रेपन्न क्रियांमध्ये अन्नप्राशन ही एक क्रिया सांगितली आहे. पहिल्या घासाला आपल्या पूर्वजांनी संस्कार मानलं. माझ्या मते त्या संस्काराचे दोन भाग आहेत. काय द्यायचं नाही ते ठरवणं सोपं, ते आजी करते. त्या जागी काय द्यायचं ते रोज शिजवणं अवघड, ते आईवर पडतं. आजीने पहिलं सांगितलं असेल तर दुसऱ्यातही हात लावला पाहिजे.

एप्रिलपासून नातू पाळणाघरात जाईल. तिथल्या जेवणात मासा असतो, दाशी असते. सून भेटून सांगणार आहे. "आमचा मुलगा मासे खात नाही" एवढंच ती सांगणार नाही, "त्याऐवजी हे चालेल" असा आमचा तक्ताही जपानीत लिहून नेणार आहे. ते मानतील की डबा द्यावा लागेल, ते एप्रिलमध्ये कळेल. तोवर मी इथे रोज सकाळी साडेसहाला ओटीवर बसते. काल डाळ-टोफूची वाटी जवळजवळ संपली होती.