फुरसतीवर मालकी कोणाची?

दक्षिण कोरियाने २०११ साली १६ वर्षांखालील मुलांसाठी मध्यरात्र ते सकाळी ६ या वेळेत ऑनलाइन खेळ बंद केले. मुले आईबापांच्या नावाने खेळत राहिली. २०२२ च्या आरंभी तो कायदाच रद्द झाला. दोष मुलांच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु भूमिका घेऊन खेळावयाच्या या खेळांना शेवटच नसतो. रोजच्या हजेरीत खाडा पडला की बक्षीस बुडते, सवंगडी खोळंबतात. गिरणीच्या मस्टरची ही जुनीच युक्ती! आठ तासांचा दिवस कामगारांनी लढून मिळविला. त्यातून लाभलेली फुरसत दुसऱ्या मालकाच्या हवाली का करावी? खेळाची वेळ खेळाडूंनी सवंगड्यांशी बोलून आधीच ठरवावी. हजेरीची बक्षिसे बंद करण्याची सक्ती मात्र कंपन्यांवरच झाली पाहिजे.