देणं कोण कोणाचं लागतं?

मंडळाच्या वार्तापत्रात इलेक्ट्रिक गिटारवर लेख म्हटल्यावर बरीच मंडळी इथेच पान उलटून हळदीकुंकवाच्या तारखेकडे वळतील, याची आम्हाला कल्पना आहे. तरी पाच मिनिटं थांबावं ही विनंती. ज्या कलावंताविषयी लिहितो आहोत, त्याची गोष्ट शेवटी आपल्या मंडळाच्या तिकीट-टेबलापर्यंत येऊन पोचते.

अ‍ॅलन होल्ड्सवर्थ हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. जन्म ६ ऑगस्ट १९४६, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातलं ब्रॅडफर्ड. मृत्यू १५ एप्रिल २०१७, कॅलिफोर्नियातलं व्हिस्टा. म्हणजे आपल्यासारखाच घर सोडून अमेरिकेत आलेला आणि इथेच राहिलेला माणूस. गेला तेव्हा वय ७०. त्याच महिन्यात त्याच्या रेकॉर्डांचा १२ सीडींचा संच बाजारात आला होता आणि त्याचं नाव होतं ‘द मॅन हू चेंज्ड गिटार फॉरेव्हर’. गिटार कायमची बदलून टाकणारा माणूस! आणि या माणसाच्या अंत्यसंस्काराच्या खर्चासाठी मित्रांना वर्गणीचं आवाहन करावं लागलं. मागितले २०,००० डॉलर. थोड्याच दिवसांत जमले एक लाखाच्या वर.

या आकड्यांवरून चाहत्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. बघा, किती प्रेम होतं लोकांचं! आम्हाला मात्र दुसराच प्रश्न पडतो. हे लाख डॉलर तो जिवंत असताना कुठे होते?

पण आधी हा माणूस काय करत होता ते सांगायला हवं, नाहीतर नुसतीच हळहळ होईल.

अ‍ॅलनला आजी-आजोबांनी वाढवलं. आजोबा सॅम हे पियानो वाजवणारे. घरात जाझ संगीत. मुलाला खरं म्हणजे सॅक्सोफोन हवा होता. जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाच्या रेकॉर्डांनी त्याला वेड लावलं होतं. हातात आली गिटार, तीही सतराव्या वर्षाच्या सुमारास. आपल्याकडे एवढ्या वयात तालीम सुरू केली तर ‘आता काय उपयोग’ म्हणतील!

गिटारची अडचण आपल्या सतारीसारखीच. नखीनं तार छेडली की ‘टण्’ असा आघात होतो आणि सूर लगेच विरायला लागतो. सॅक्सोफोनमध्ये श्वास असतो, सूर फुगतो, वळतो, लांबतो. अ‍ॅलननं ठरवलं की गिटारमधून तो श्वास काढायचा. त्यानं उजव्या हाताचे आघात कमी केले आणि डाव्या हाताची बोटं तारेवर उतरवूनच सूर उमटवायला सुरुवात केली. सतारिये ज्याला कृंतन म्हणतात, तसा बोटानं तार ओढून सोडण्याचा प्रकार गिटारवालेही करतात. पण त्यातला म्यांव आवाज त्याला खपत नसे, म्हणून तोही टाळला. परिणाम असा, की त्याची तान ऐकताना सूर कुठे सुरू झाला ते कळत नाही. गळ्यातून निघावी तशी ती निघते.

दुसरी गोष्ट कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या तीन-चार सुरांची. पायाखालचं आवाजाचं पेडल हळूच उघडून आणि प्रतिध्वनीची यंत्रं एकापुढे एक जोडून तो सुरुवातीचा टणत्कार पुसून टाकत असे. तंबोरे जुळल्यावर खोली जशी भरून येते, तसे ते सूर भरून येतात. गिटार वाजते आहे हे सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट आमच्यासारख्या रसायनशास्त्रवाल्यांच्या विशेष आवडीची. संगीताचं रीतसर शिक्षण नव्हतं, तेव्हा त्यानं कागद घेऊन स्वतःच हिशेब मांडला. सप्तकात सूर बारा. षड्ज कायम ठेवला, तर उरलेल्या अकरांपैकी प्रत्येक सूर एकतर घ्यायचा किंवा सोडायचा. आकडेमोड केली तर २,०४८ शक्यता होतात. त्यानं पाच सुरांपासून पुढचे गट चिकाटीनं लिहून काढले, ज्यांत अर्धस्वर फार लागोपाठ येतात ते बाजूला केले, आणि उरलेल्यांना नेहमीच्या नावांऐवजी स्वतःच्या खुणा दिल्या. प्रयोगशाळेत एकाच सूत्राचे सगळे आयसोमर, म्हणजे तेच अणू पण निराळी मांडणी, कागदावर उतरवून मग कामाचे निवडावेत, तसाच हा प्रकार. व्यंकटमखीनं सतराव्या शतकात ७२ मेळ मांडले, भातखंड्यांनी १० थाटांत राग बसवले. अ‍ॅलननं आपल्याकडून काही घेतलं असा आमचा दावा नाही. पण आधी सुरांचं कुटुंब ठरवायचं आणि मग त्या कुटुंबातच हिंडायचं, ही दृष्टी आपल्या कानांना परकी वाटायला नको. कॉर्ड ही त्याच्या मते वेगळी वस्तूच नव्हती. त्याच कुटुंबातले तीन-चार जण एकदम बोलले की झाली कॉर्ड.

एवढ्यावर तो थांबला नाही. १९८६ च्या ‘अ‍ॅटव्हाक्रॉन’ या रेकॉर्डवर त्यानं सिंथॅक्स नावाचं ब्रिटिश बनावटीचं वाद्य वाजवलं. दिसायला गिटारसारखं, पण आवाज सिंथेसायझरचा. त्याला एक नळी जोडून तो तोंडानं फुंकर घालत असे आणि फुंकरीनं आवाज कमी-जास्त करत असे. लहानपणी न मिळालेला सॅक्सोफोन त्यानं असा मिळवला. यंत्रांची हौस इथेच संपत नाही. बिअरमधला जास्तीचा गॅस काढून तिला इंग्लंडमधल्या हातपंपाच्या बिअरची चव आणणारं एक उपकरणही त्यानं बनवलं होतं. घरच्या स्टुडिओचं नावच ‘ब्रुअरी’!

मग असा माणूस मागे का पडला?

एक कारण म्हणजे तो कुठल्याच खणात बसेना. जाझवाले म्हणत हा रॉकवाला, रॉकवाले म्हणत हा जाझवाला. रेडिओला गाणारा गळा हवा असतो, त्याच्या बहुतेक रचनांत गाणं नाही. सॉफ्ट मशीन, टोनी विल्यम्सचा लाइफटाइम, गाँग, ब्रुफर्ड अशा चांगल्या चांगल्या बँडांतून तो वाजवून आला, पण फार काळ कुठे टिकला नाही. ‘यू. के.’ या बँडच्या १९७८ च्या रेकॉर्डवरचं त्याचं वादन आजही गिटार शिकणारी मुलं घोकतात. तिथे कटकट अशी, की रेकॉर्डवर जे वाजवलं तेच दर मैफलीत वाजवावं अशी अपेक्षा होती. आता एखाद्या ख्यालगायकाला सांगून पाहा, की कालचीच तान आज जशीच्या तशी घ्या! वर्षभरातच तो बाहेर पडला.

दुसरं कारण धंद्याचं. १९७६ मध्ये ‘व्हेल्व्हेट डार्कनेस’ नावाची त्याची रेकॉर्ड निघाली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ते तालमीचं ध्वनिमुद्रण होतं. ती रेकॉर्ड त्यानं जन्मभर आपली मानली नाही. १९८२ मध्ये स्वतःच्या खिशाला खार लावून रेकॉर्ड काढली, तिचं नाव ‘आय. ओ. यू.’, म्हणजे ‘मी तुमचं देणं लागतो’. मग एडी व्हॅन हेलन या त्या वेळच्या सर्वांत लोकप्रिय गिटारवाल्यानं शब्द टाकला म्हणून मोठ्या कंपनीत प्रवेश मिळाला. पण निर्मात्याशी खटके उडाले आणि १९८३ मध्ये ‘रोड गेम्स’ ही सहाच रचनांची छोटी रेकॉर्ड निघाली. तिला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. कंपनीशी संबंध मात्र तिथेच संपला.

इथे कोणी म्हणेल, ‘अहो, लोक आले नाहीत म्हणजे लोकांना आवडलं नाही. यात रडण्यासारखं काय आहे?’ आक्षेप वाजवी आहे. त्याचं संगीत पहिल्या ऐकण्यात पकडीत येत नाही, हे आम्हीही मान्य करतो. शिवाय तो स्वतःच स्वतःवर कमालीचा नाराज असे. मैफल झाल्यावर लोक कौतुक करायला यायचे आणि हा चुकांबद्दल माफी मागायचा. अशा माणसाची जाहिरात कोण करणार? पण आक्षेपाची दुसरी बाजूही पाहावी. एडी व्हॅन हेलननं त्याच्याकडून घेतलं, जो सॅट्रियानीनं घेतलं, पुढच्या पिढीतल्या हेवी मेटलवाल्यांनी घेतलं. त्यांच्या रेकॉर्डा लाखांनी खपल्या. म्हणजे लोकांनी अ‍ॅलनला ऐकलं नाही असं नाहीच. दुसऱ्याच्या हातून ऐकलं. पाणी सगळे प्याले, विहीर कोणाची ते कोणी विचारलं नाही.

चाहत्यांची भक्तीही त्याच्या फारशी कामाची नव्हती. त्याचा विषय निघाला की सेकंदाला किती सूर वाजवतो यावर वाद सुरू होतात. एखाद्या लेखकाचं मोठेपण त्याच्या टायपिंगच्या वेगावर ठरवण्यापैकी हा प्रकार. तो आधी रचनाकार होता. १९८५ च्या ‘मेटल फटीग’ रेकॉर्डवर आजोबा सॅमच्या स्मरणार्थ केलेली ‘द अनमेरी-गो-राउंड’ ही लांब रचना आहे. ती ऐकावी, त्याच रेकॉर्डवरची ‘होम’ ऐकावी. नाहीतर २००० सालची ‘द सिक्स्टीन मेन ऑफ टेन’ लावावी. हे टेनचे सोळाजण म्हणजे स्कॉटलंडमधले व्हिस्की गाळणारे कामगार! पडद्यामागे राहून उत्तम माल काढणाऱ्यांवर त्याचा जीव असणारच.

आता तिकीट-टेबलाकडे येऊ. मंडळाच्या कार्यक्रमाला टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकाला एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘नाव ऐकलेलं नाही हो यांचं.’ नाव ऐकलेलं असेल तर आपण साठ मैल गाडी हाकतो, रांगेत उभे राहतो, फोटो काढून घेतो. नाव ऐकलेलं नसेल तर त्या दिवशी नेमकी मुलांची परीक्षा असते. मग तो कलावंत पस्तीस माणसांपुढे जीव ओतून गातो. आपण त्याला शाल-श्रीफळ देतो आणि वर ‘तुम्हाला इथे संधी दिली’ असंही म्हणतो. शाल-श्रीफळानं घरभाडं भरता येत नाही. पुढे वीस वर्षांनी तो गेल्याची बातमी आली की हेच लोक म्हणतात, काय गळा होता!

आणि आपल्या घरातली मुलं. तळघरात कोणी गिटार घेऊन बसलं की आपण दोनच प्रश्न विचारतो : अभ्यास झाला का, आणि यात पुढे काय आहे? पहिला प्रश्न रास्त आहे, आम्हीही तो विचारतो. दुसऱ्याचं उत्तर अ‍ॅलनकडे पाहिलं तर काळजीचं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ती काळजी ऐकणाऱ्यांनी निर्माण केली आहे, वाजवणाऱ्यांनी नव्हे. ऐकणारे तर आपणच.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक साधी सूचना ठेवतो आहोत. वर्षातून एक कार्यक्रम असा करावा, ज्यातल्या कलावंताचं नाव कोणी ऐकलेलं नाही. आपल्याच मुलांपैकी कोणी चाललं तरी उत्तम. मानधन आधी ठरवावं आणि त्याच दिवशी हातात द्यावं. तिकिटाला फुकट पास नसावा, अगदी स्वयंसेवकांनाही नाही. पहिली चार तिकिटं आमची.

बाकी अ‍ॅलन ऐकून पाहायचा असेल तर आमच्याकडे कधीही यावं. रेकॉर्ड आणि चहा, दोन्हीची सोय आहे. एकदा ऐकून नाही आवडला तर दुसऱ्यांदा या. आग्रह दुसऱ्या वेळेचाच आहे.