आधी भरतीचं टाइमटेबल, मग रॉड!

फ्लाय फिशिंग म्हणजे श्रीमंतांचं खूळ, असं आपल्याला वाटतं. मला नाही पटत. माझा आतेभाऊ अमेरिकेत साउथ कॅरोलायनात असतो. तिथल्या उथळ, खाऱ्या दलदलीत रेडफिश पकडायला निघालेले नवशिके आधी महागडा रॉड घेतात आणि तिथेच फसतात. माझं म्हणणं, पहिले पैसे पोलराइज्ड गॉगलवर घाला आणि भरती-ओहोटीचं टाइमटेबल पाठ करा. मोठ्या भरतीला पाणी गवतात चढतं आणि मागोमाग रेडफिश खेकडे खायला येतो. डोकं खाली चिखलात, शेपटी पाण्याबाहेर! ती दिसेपर्यंत गप्प उभं राहणं, हीच खरी परीक्षा.

रॉड साधा, आठ नंबरचा पुरे. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच, दोरीचं वजन तिला पुढे नेतं. म्हणजे आपलं मेकॅनिक्सच की! फ्लाय माशाच्या तोंडापुढे दोन-तीन फुटांवर पडू द्या. डोक्यावर पडली तर तो पळालाच. त्याने ती घेतली की रॉड उचलू नका, दुसऱ्या हाताने दोरी सरळ मागे ओढा. चालताना पाय घासत चाला, चिखलात पाकट असतो.

आणि मासा सोडून द्या. १९८०च्या दशकात न्यू ऑर्लीन्सच्या पॉल प्रुधॉम या शेफची रेडफिशची डिश एवढी गाजली की मेक्सिकोच्या आखातातला हा मासा संकटात आला, धंद्याच्या मासेमारीवर बंधनं आली. शिकणाऱ्यांनी तरी त्यात भर घालू नये. पटतंय ना?