प्रेमकथा वाचा, पण नायकाचे आडनाव विचारा

येरमाळ्यात जयंतीच्या बैठकीत एका कार्यकर्त्याने तक्रार मांडली, "अभ्यासिकेतल्या मुली गाईडमध्ये मोबाईल ठेवून प्रेमकथा वाचतात. बाबासाहेबांनी यासाठी शिकायला सांगितलं का?" बैठक हसली. आम्ही मात्र दुसऱ्या दिवशी मुलींकडून त्या कथा मागून घेतल्या आणि दोन रात्री जागून वाचल्या.

कथा हलक्याफुलक्या आहेत. कॉलेज, पाऊस, बाईक, गैरसमज आणि शेवटी लग्न. बऱ्याच कथांची मुळे अभिजात साहित्यात सापडतात. कुठे 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधली दोन भांडणारी घराणी, कुठे जेन ऑस्टेनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला घमेंडी श्रीमंत तरुण, तर कुठे शकुंतलेची अंगठी. त्यात गैर काही नाही. शेक्सपिअरनेही आपली गोष्ट जुन्या इटालियन कथेवरूनच उचलली होती.

आमचा आक्षेप वेगळा आहे. शेक्सपिअरची दोन्ही घराणी प्रतिष्ठेने बरोबरीची आहेत. म्हणून मुले गमावल्यावर का होईना, त्यांचे बाप एकमेकांचा हात धरू शकतात. आमच्याकडे गाव आणि वस्ती बरोबरीची कधी होती? तरीही ही गोष्ट जशीच्या तशी मराठीत आणली जाते. मग दोन्हीकडे बंगले येतात, नायकाला नाव असते पण आडनाव नसते, आणि वस्ती तर कथेत उगवतच नाही. वाचणाऱ्या आमच्या मुलीला वाटते की अडथळा फक्त बापाच्या रागाचा आहे.

आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की जामखेड तालुक्यातले खर्डा लागते. तिथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या नितीन आगेचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या रागातून तो झाला, असा आरोप होता. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. नितीन वयाने या कथांचा वाचकच होता.

मग या कथा बंद करायच्या का? मुळीच नाही. प्रेम हा चळवळीबाहेरचा विषय आहे असे मानणाऱ्यांनी १९३६ सालचे 'जातिप्रथेचे विध्वंसन' पुन्हा उघडावे. जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाहाकडेच बोट दाखवले आहे. प्रेमच नको म्हटले, तर तो विवाह कोण करणार?

'फँड्री' आणि 'सैराट'ने प्रेमातली जात पडद्यावर आणली, हे मोठे काम झाले. पण आमच्या पोरांपुढे दोनच वाटा का असाव्यात? एक जात पुसलेली गोड गोष्ट, दुसरी रक्ताने संपणारी. जातीचे नाव घेणारी, तरीही हसवणारी आणि शेवटी दोघांनाही जिवंत ठेवणारी गोष्ट आमच्या मुलांच्या वाट्याला का येऊ नये?

आधार हवा असेल तर अभिजात साहित्य आपल्याकडेही आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये प्रकृती या चांडाळकन्येची गोष्ट घेतली आहे. आनंद तिच्याकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते. मला पाणी हवे, जात नको, असे तो म्हणतो आणि ती त्याच्या प्रेमात पडते. पुढे ती भिक्खुणी होते. याच मूळ कथेवरून टागोरांनी १९३३ मध्ये 'चंडालिका' लिहिले. चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्यांच्या नातवंडांना प्रेमाची गोष्ट पाण्यापासून सुरू करायला यापेक्षा जवळचे काय सापडेल? आजची प्रकृती एसटीची वाट पाहत उभी असेल, तिच्या हातात पाण्याची बाटली असेल, आणि समोरचा मुलगा आधी तिचे आडनाव विचारेल की पाणी मागेल, इथूनच कादंबरी सुरू होईल.

म्हणून पुढच्या बैठकीत आम्ही एक मागणी ठेवणार आहोत. डीजेच्या खर्चातून थोडे पैसे काढा आणि अभ्यासिकेत कथालेखनाचे शिबिर घ्या. पहिल्या रांगेत त्याच मुलींना बसवा, ज्यांना आपण हसलो.

जय भीम!